यानदोष आणि सायकल

तीर्थाला कशाने जावे, हा प्रश्न आज वेळेचा आणि सोयीचा मानला जातो. धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत मात्र तो पुण्याच्या हिशोबाचा होता. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात बैलावर आरूढ होऊन प्रयागाला जाणाऱ्याला घोर नरकाचे भय घातले आहे, त्याच्या हातचे पाणी पितर स्वीकारीत नाहीत असे बजावले आहे, आणि ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून तीर्थाला जातो त्याची यात्रा निष्फळ होते, असेही म्हटले आहे. पुढच्या काळातील निबंधकारांनी, म्हणजे निरनिराळ्या स्मृती-पुराणांतील वचने विषयवार गोळा करून त्यांची संगती लावणाऱ्या पंडितांनी, या निषेधाचा बराच कीस काढला. तो प्रयागापुरताच मानायचा की सर्व तीर्थांना लावायचा, याची त्यांनी चर्चा केली. त्यांनी उद्धृत केलेल्या एका वचनात तर वाहनांची प्रतवारीच लावलेली आढळते: बैलाच्या वाहनाने गेल्यास गोवधाचे पाप, घोड्यावरून गेल्यास फळ शून्य, माणसांनी वाहून नेल्यास निम्मे फळ आणि पायी गेल्यास चौपट. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेच्या प्रकरणात हा विषय आला आहे. वाहन वापरल्यामुळे यात्रेला येणाऱ्या या उणेपणाला या लेखात यानदोष म्हटले आहे. निबंधकारांच्या प्रतवारीत सायकल असणे शक्यच नव्हते. पण तिला तेथे कोणती जागा द्यावी लागली असती, याचा विचार करू लागले की यानदोषाची कल्पना मुळात कशावर उभी आहे हे उलगडू लागते.

वाहनाला दोष का लागावा, याची दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर तपाचे आहे: यात्रेचे फळ कष्टातून मिळते, वाहन कष्ट कमी करते, म्हणून फळही कमी होते. दुसरे उत्तर भाराचे आहे: यात्रेकरूचे ओझे दुसऱ्या जिवाच्या मानेवर किंवा खांद्यावर पडते, आणि ज्याने ओझे वाहिले त्याच्या श्रमाचे पुण्य वर बसलेल्याने आपल्या नावावर जमा करणे न्याय्य नाही. वरच्या वचनातील प्रतवारी बारकाईने पाहिली तर पहिले उत्तर एकटे पुरत नाही, कारण बैल, घोडा आणि भोई हे तिघेही यात्रेकरूचे पाय सारखेच वाचवतात. केवळ त्याच्या सुखाचा हिशोब असता तर तिघांचे माप एकच ठरले असते. माप बदलते ते वाहणारा कोण आहे त्यावरून. अर्थात या मोजमापात सगळीच करुणा आहे असे मानण्याचे कारण नाही. बैलाच्या श्रमाला गोवधाएवढे वजन आणि पालखीच्या भोयाच्या श्रमाला मात्र निम्म्या फळाची सूट, ही उतरंड वेदनेच्या मापाने लागलेली नाही, ती समाजातील मानपानाच्या मापाने लागलेली आहे. भोयाला मजुरी मिळत होती एवढ्याने त्याच्या खांद्यावरचा घट्टा कमी होत नाही. तरीही या वचनाच्या मुळाशी असलेला प्रश्न मोलाचा आहे. दुसऱ्या कोणावर आपला भार न टाकता माणसाला पायांपेक्षा अधिक गती मिळू शकते काय, हा तो प्रश्न होय, आणि सायकल निर्माण होईपर्यंत जमिनीवर तरी त्याचे उत्तर जवळजवळ नकारार्थीच होते.

सायकलचा जन्म या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फोन ड्राइस याने दोन चाके एकामागे एक बसवलेले लाकडी यंत्र चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते, बसणारा जमिनीला पायाने रेटा देत पुढे सरकत असे. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले, १८८५ मध्ये इंग्लंडमधील जॉन केम्प स्टार्ली याच्या रोव्हर सायकलने सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला फिरवणारी साखळी ही आजची घडण रूढ केली, आणि १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवेचा टायर बनवला. तत्त्वचिंतकाला यातील रस यंत्राच्या सुधारणेपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. कठोपनिषदात आत्मा हा रथाचा स्वामी, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे अशी मांडणी आहे, आणि त्या रूपकाचा सगळा जोर बसणारा, हाकणारा व ओढणारा हे तीन वेगळे असण्यावर आहे. घोडे उधळले तर दोष सारथ्याचा आणि हानी रथस्वामीची. सायकलवर हे तिघे एकाच देहात येतात. बसणाराच हाकतो, हाकणाराच ओढतो, आणि दमल्यावर चाबूक उगारायला समोर दुसरे कोणी नसते. म्हणून निबंधकारांच्या प्रतवारीत सायकल बैल, घोडा व पालखी या तिन्ही कोष्टकांच्या बाहेर राहते, आणि तरीही ती पायी चालणेही नव्हे.

पायी चालण्याहून ती वेगळी ठरते ती तपाच्या हिशोबात. एस. एस. विल्सन यांनी १९७३ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात दाखवून दिले होते की सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला तेवढेच अंतर कापण्यास चालणाऱ्याच्या सुमारे एक पंचमांश ऊर्जा लागते आणि या बाबतीत तो घोडा, पक्षी, मासा या सर्वांना मागे टाकतो. म्हणजे कष्ट कमी झाले. मग फळही एक पंचमांश समजायचे काय? पुण्य हे खर्ची पडलेल्या घामाच्या प्रमाणात मिळते, ही समजूत लोकांत खोल रुजलेली असली तरी भगवद्गीतेचा कौल तिच्या विरुद्ध आहे. सतराव्या अध्यायात शरीराला पीडा देऊन हट्टाने केलेले तप तामस ठरवले आहे, आणि अठराव्या अध्यायात आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे वाटणारे सुख सात्त्विक म्हटले आहे. हे दुसरे वर्णन घाट चढणाऱ्या सायकलस्वाराला ओळखीचे वाटेल. पुण्याहून सासवडला जाताना लागणारा दिवे घाट गिअर नसलेल्या, वीस किलोच्या आसपास वजन भरणाऱ्या काळ्या सायकलवरून चढणे हा प्रारंभी तरी सुखाचा अनुभव नव्हे: सीटवरून उठून उभ्याने पायडल मारावे लागते, प्रत्येक फेऱ्याला हँडल उजवीडावीकडे झोलते, चेन करकरते आणि वळण आले की चढ संपला असा खोटा दिलासा मिळतो. याच घाटात आषाढी वारीच्या वेळी ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात, आणि त्या जोडीचा मान मिळावा म्हणून शेतकरी घराणी धडपडतात. यानदोषाच्या वचनांशी हा रिवाज वरवर विसंगत दिसतो. पण रथातून जातात त्या माउलींच्या पादुका, वारकरी चालतातच, हे ध्यानात घेतले की विसंगती उरत नाही.

वारकरी संप्रदायाने एक गोष्ट फार पूर्वी निकालात काढली आहे, ती म्हणजे आनंदाने यात्रेचे पुण्य घटत नाही. रिंगणात घोडा धावतो, वारकरी फुगड्या घालतात, टाळमृदंगाच्या तालावर उड्या मारतात, आणि हे सारे भक्तीच्या आड येते असे कोणी म्हणत नाही. अलीकडे नाशिक, पुणे आणि इतर शहरांतून सायकलस्वारांचे गट आषाढीच्या सुमारास पंढरपूरला जातात. जे अंतर पालखी सोहळा अडीच-तीन आठवड्यांत कापतो ते ही मंडळी दोन-तीन दिवसांत संपवतात. त्याला वारी म्हणावे की नाही, यावर वाद होतो, आणि त्यात विरोधकांची बाजू अगदीच लंगडी नाही. वारीचा गाभा सहवासात आहे, आणि सायकलचा वेग दिंडीतील सहवास पातळ करतो: चालणारा शेजारच्याशी बोलत जातो, सायकलस्वाराला मागे वळून हाक मारावी लागते. पण हा आक्षेप सहवासाचा आहे, यानदोषाचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये.

येथवर सायकलची बाजू फार सोपी झाली. ज्या हवेच्या टायरने सायकल लोकांच्या अंगवळणी पडली, त्या टायरला रबर लागत होते, आणि १८९०च्या दशकात त्याचा काही भाग आला तो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोच्या रानातून. तेथे रबराच्या वेलींचा चीक गोळा करण्याचा वाटा ठरवून दिलेला असे. तो भरला नाही तर बायका-मुलांना ओलीस ठेवत, गावे जाळत, माणसांचे हात तोडत. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलातीतील अधिकाऱ्याचा १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल आणि एडमंड मोरेल यांची चळवळ यांमुळे हे जगासमोर आले, आणि १९०८ मध्ये काँगो राजाच्या खासगी मालकीतून काढून घेण्यात आला. म्हणजे लंडनच्या किंवा पॅरिसच्या बागेत रविवारी सकाळी सायकलवर बसलेला माणूस, आपण कोणाच्याही खांद्यावर नाही अशा समजुतीत, प्रत्यक्षात पालखीतच बसलेला होता. फक्त भोई हजारो मैल दूर होते आणि त्याला दिसत नव्हते. निबंधकारांच्या डोळ्यांसमोर बैल होता, त्याची मान दिसत होती, म्हणून त्यांना निषेध सुचला. वस्तूच्या पोटात दडलेले वाहक दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी निषेधही होत नाही.

वाटेत होणारी हिंसा टाळण्याच्या बाबतीत जैन मुनींचा आचार सर्वांत कडक आहे. ईर्यासमिती, म्हणजे पुढची सुमारे चार हात जमीन निरखीत, कोणताही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने चालण्याचा नियम, पाळणाऱ्याला सायकलही वर्ज्यच ठरते, कारण चाकाला पायासारखे अधांतरी थांबता येत नाही. गृहस्थाला एवढी शुद्धी परवडत नाही. त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो हिंसा कमीत कमी कशी होईल याचा, आणि येथे योगसूत्रांवरील व्यासभाष्याची अपरिग्रहाची व्याख्या कामाला येते. अपरिग्रह म्हणजे वस्तूंचा साठा न करणे. भाष्यकार त्याचे कारण देताना वस्तू मिळवणे, तिचे रक्षण करणे, तिचा नाश होणे, तिच्यात गुंतणे आणि तिच्यापायी होणारी हिंसा, असे दोष मोजतात. वस्तूबरोबर हिंसा येते हे त्यांनी काँगोच्या कितीतरी आधी ओळखले होते. या व्याख्येच्या उजेडात जुनी, दुसऱ्याच्या हातची, पुन्हा उभी केलेली सायकल निव्वळ काटकसरीची बाब राहत नाही. तिच्या पोलादासाठी, पेंटसाठी, वाहतुकीसाठी जो भार कोणी वाहिला तो वाहून झालेला आहे. ती वापरणारा त्यात नवा भार घालत नाही, घातलाच तर टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि थोडे ग्रीस एवढाच. घडून गेलेल्या हिंसेचे त्याने क्षालन होत नाही, हे खरे. पण ज्याच्यासाठी दुःख सोसले गेले ते अडगळीत गंजत टाकणे हा त्या दुःखाचा अधिकच अनादर आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि तो पटण्यासारखा आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात, किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी मिस्त्रीच्या टपरीमागे, अशा सायकलींचे सांगाडे टेकून ठेवलेले दिसतात. अॅटलास, हिरो, हर्क्युलिस, रॅले ही नावे वेगवेगळी असली तरी या काळ्या सायकलींची घडण इतकी सारखी आहे की एकीचा रिम दुसरीला आणि तिसरीचा चिमटा चौथीला बसतो. मिस्त्री तिचे ओव्हरऑइलिंग करतो, म्हणजे सगळे सांधे मोकळे करून छर्रे रॉकेलमध्ये धुतो, वाटीत नवे ग्रीस भरून ते एकेक चिकटवतो, आणि कोन आवळताना हाताच्या अंदाजावर राहतो, कारण तो जास्त आवळला तर चाक जड फिरते आणि सैल राहिला तर लडबडते. मग चाकाचा आउट काढणे येते: पुढच्या चाकाच्या ३२ आणि मागच्या चाकाच्या ४० तारांपैकी कोणती ढिली आणि कोणती ताणलेली आहे ते चाक फिरवून, रिमजवळ खडू धरून पाहायचे, आणि निपलला पाव-पाव फेरा देत चाक सरळ करायचे. एक तार ताणली की समोरच्या बाजूच्या तारा आपोआप बदलतात, म्हणून घाई येथे चालत नाही. असे होत होत काही वर्षांत हँडल बदलते, चाके बदलतात, सीट बदलते, आणि मालक तिला माझी तीच सायकल म्हणत राहतो.

ती तीच असते काय, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानात दोन टोकांनी सोडवलेला आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला आधी विचारतो की तू पायी आलास की वाहनाने. राजा रथाने आल्याचे सांगतो, तेव्हा आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, सांगाडा म्हणजे रथ का, असे विचारत नागसेन त्याला कबूल करायला लावतो की सुट्या भागांपलीकडे रथ नावाची वस्तू नाही, भागांच्या जुळणीला दिलेले ते एक व्यवहारापुरते नाव आहे. याउलट न्याय-वैशेषिक दर्शन अवयवी, म्हणजे अवयवांहून भिन्न असे एक संपूर्ण द्रव्य, खरे मानते. पण त्याची किंमतही मोजते, कारण त्या मताने वस्त्रातील एक धागा निघाला तरी जुने वस्त्र नाहीसे होऊन नवे उत्पन्न होते. हा न्याय लावला तर सायकलच्या दुकानातून रोज संध्याकाळी नव्याच सायकली बाहेर पडतात असे म्हणावे लागेल, आणि जुनी सायकल वापरण्याच्या वरच्या युक्तिवादाला पायाच राहणार नाही. नागसेनाची बाजू येथे अधिक उपयोगी आहे. सायकल हे नाव असेल, तर नाव चालू ठेवणे हे दुरुस्तीचे काम आहे, आणि ममत्व, म्हणजे वस्तू माझी असल्याची भावना, एखाद्या भागाला न चिकटता देखभालीच्या क्रमाला चिकटते. भाष्यकारांनी सांगितलेला गुंतण्याचा दोष पूर्णपणे जात नाही, पण तो बराच सौम्य होतो. मडगार्डवर ओरखडा आला म्हणून जुन्या सायकलचा मालक झोप उडवून घेत नाही.

लांबच्या सायकलप्रवासात स्वतःचा भार स्वतः वाहण्याची ही कल्पना आणखी एका कसाला लागते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर कापून मार्च १९२८ मध्ये परतले. इराणचे वाळवंट आणि युरोपची थंडी त्यांनी आपल्या पायांनी ओलांडली, यात शंका नाही. पण पाणी कोणी तरी दिले, रात्री कोणाच्या तरी छपराखाली ते झोपले. सायकलस्वार स्वतःला वाहतो म्हणून तो स्वयंपूर्ण होत नाही. उलट, मोटारीतला प्रवासी ज्या गावातून काच न उतरवता निघून जातो, त्या गावात सायकलस्वाराला हमखास थांबावे लागते, मागावे लागते, आणि तहान लागल्याचे सांगावे लागते. येथे यानदोषाच्या विचारात एक भेद करणे भाग आहे. जुंपलेल्या बैलाने वाहिलेला भार आणि दारात आलेल्या अतिथीला दिलेला पाण्याचा तांब्या यांत देणाऱ्याच्या संमतीचे अंतर आहे. दोष पहिल्याला लागतो, दुसऱ्याला लागत नाही. नर्मदेची परिक्रमा करणारा सदावर्तात जेवतो तेव्हा तो कोणाच्या मानेवर बसत नाही, मग तो पायी आलेला असो की सायकलवरून.

हाच भेद सायकलला सरसकट नैतिकता बहाल करण्यापासूनही रोखतो, कारण तीच साखळी आणि तेच पायडल सायकलरिक्षात बसवले की पुन्हा बसणारा वेगळा आणि ओढणारा वेगळा होतो. माथेरानच्या हातरिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितल्या, ते निबंधकारांनी भोयाला दिलेल्या निम्म्या सुटीचे उशिरा झालेले परीक्षणच म्हटले पाहिजे. गोव्यात पहाटे भोंगा वाजवत वेताच्या टोपलीतून पाव आणणारा पोदेर किंवा मुंबईत हँडलला डबे लटकावून जाणारा डबेवाला हे मात्र ओझे वाहत असले तरी स्वतःच हाकणारे आहेत, आणि छंद म्हणून सायकल चालवणाऱ्याने आपल्या सुखाची तुलना त्यांच्या कामाशी करू नये एवढे भान ठेवले म्हणजे पुरे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्न पुण्याचा नव्हता, बसची किंवा घरच्या पुरुषाची वाट न पाहता पाण्याला, बाजाराला आणि कामावर जाता येण्याचा होता. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना जे कारण दिले आहे ते येथे आठवते: यज्ञाला सामग्री लागते, तो राजांना आणि धनवंतांना जमतो, तीर्थयात्रा दरिद्री माणसालाही जमते.

इव्हान इलिच या एकेकाळच्या कॅथलिक धर्मगुरूने १९७०च्या दशकात वाहनावर जो आक्षेप घेतला तो, कळत-नकळत, याच परंपरेत बसतो. त्याचा हिशोब असा होता की सरासरी अमेरिकन पुरुष मोटार चालवण्यात, तिच्यासाठी पैसे मिळवण्यात आणि तिची निगा राखण्यात वर्षाला १,६०० तास घालवून सुमारे १२,००० किलोमीटर जातो, म्हणजे ताशी आठ किलोमीटरहूनही कमी. आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपासची मर्यादा वाहनांनी ओलांडली की काहींचा वेग इतरांच्या वेळेतून वसूल होऊ लागतो. विजेच्या मदतीने चालणाऱ्या सायकलला भारतात मोटार वाहनाच्या व्याख्येतून मिळणारी सूट २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेपर्यंतच आहे, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. अशा सायकलवर बसणारा अंशतः वाहक असतो आणि अंशतः वाहिला जातो. निबंधकारांना तिच्यासाठी नवा अपूर्णांक काढावा लागला असता, आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्यासाठी तो त्यांनी उदारपणे काढावा असेच कोणीही म्हणेल. मात्र तिच्या बॅटरीत कोबाल्ट असेल, तर तो बहुधा काँगोतूनच आलेला असतो, आणि तेथील काही खाणींत तो खणणाऱ्यांत लहान मुलेही आहेत.